वारसा वास्तूंचे रात्रीचे एचडीआर छायाचित्रण : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत रात्री समोरच्या चौकातून पाहताना घुमटाखालच्या घड्याळाची उजळलेली तबकडी आणि कमानींच्या आतला काळोख आपल्याला दोन्ही नीट दिसतात, कारण नजर जिथे वळेल तिथल्या उजेडाशी डोळा चटकन जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. चांगला सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, एका छायाचित्रात साधारण १२ ते १४ स्टॉपचा फरक सामावून घेतो आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. तरीही दिव्यांचे थेट झोत आणि सावलीतला दगड यांतले अंतर त्याहून सहज मोठे असते. घड्याळाचे आकडे वाचता येतील असे एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) ठेवले तर कमानी काळ्या पडतात, आणि कमानींवरचे कोरीवकाम दिसू लागले की तबकडीचा नुसता पांढरा गोळा होतो.

एचडीआर, म्हणजेच हाय डायनॅमिक रेंज, ही पद्धत यावरचा उपाय आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून एकाच चौकटीची अनेक छायाचित्रे कमी-अधिक एक्स्पोजरने घेतली जातात. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/८ कायम ठेवून आम्ही फक्त शटरचा वेळ बदलतो : १/८, १/२, २, ८ आणि ३० सेकंद. छिद्र बदलले तर फोकसची खोली, म्हणजे किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते ते, बदलते आणि छायाचित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. या रॉ (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या) फाइली एकत्र करून उजेडाच्या खूप जास्त पायऱ्या साठवणारी ३२ बिटची एक फाइल तयार होते. मात्र ती पडद्यावर किंवा कागदावर जशीच्या तशी मावत नाही, म्हणून तिच्यातला उजेड-अंधार आटोपशीर कक्षेत आणावा लागतो. त्यालाच टोन मॅपिंग म्हणतात, आणि छायाचित्र चांगले की भडक हे इथेच ठरते.

रात्रीचे छायाचित्र असे म्हटले तरी आम्ही सूर्यास्तापूर्वीच जागेवर पोहोचतो. मुंबईत सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३५ मिनिटे आकाशात गडद निळा उजेड टिकतो आणि घुमट, मनोरे, कळस यांची रेषा त्यावर स्वच्छ उठून दिसते. एकदा आकाश पूर्ण काळवंडले की ही रेषा हरवते, आणि कितीही प्रक्रिया केली तरी ती परत मिळत नाही. म्हणून वेळेबाबत आम्ही आग्रही असतो.

सर्वांत जास्त अडचण रंगीत एलईडी रोषणाईची होते. काही वास्तूंवर दिव्यांचे रंग ठरावीक अंतराने बदलत राहतात. पहिल्या छायाचित्रात भिंत केशरी आणि चौथ्यात हिरवी असेल, तर एकत्रित चित्रात दगडावर मळकट ठिगळे उमटतात. गडद निळ्या किंवा लाल झोतात तर एकच रंगवाहिनी (लाल, हिरवा, निळा यांपैकी एका रंगाची नोंद) भरून जाते. एक्स्पोजर मोजणारा आलेख एकंदरीत ठीक दाखवतो, पण पाने, फुले, प्राण्यांचे चेहरे असे सारे कोरीवकाम सपाट होऊन जाते. त्यामुळे रोषणाईचे नियंत्रण आपल्याकडे असल्यास छायाचित्रणाच्या वेळेपुरता स्थिर, उबदार पांढरा प्रकाश ठेवावा, अशी आमची आवर्जून विनंती आहे. बस, टॅक्सी आणि पादचारी यांच्यामुळे उमटणाऱ्या भुताळ्या आकृत्या त्या मानाने सोप्या असतात : रस्त्याचा भाग आम्ही एकाच छायाचित्रातून घेतो.

आमची एक भूमिका येथे स्पष्ट करतो. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिली, आणि २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वालुकाश्म आणि चुनखडक यांचे रंग, त्यांच्यावरची वर्षांची छटा हा त्या वारशाचाच भाग आहे. टोन मॅपिंगचा अतिरेक केला की घुमटाभोवती उजळ कडा येते, दगड प्लॅस्टिकसारखा दिसतो आणि रात्र रात्रच उरत नाही. सावली जिथे खरोखर आहे तिथे आम्ही ती राहू देतो. तडे, डाग किंवा झिजलेले कोपरे आम्ही पुसत नाही. हीच छायाचित्रे जतन-दुरुस्तीच्या नोंदीसाठी हवी असतील तर कृपया आधी कळवावे, कारण सूक्ष्म उठाव (बारीक तपशिलांतला उजेड-सावलीचा फरक) वाढवल्यास ओलाव्याचे साधे डागही गंभीर भासू शकतात. अशा कामासाठी चौकटीत रंगपट्टी (खरे रंग ताडून पाहण्याची ठरावीक रंगांची पट्टी) ठेवून, उठाव न वाढवलेली प्रत आम्ही स्वतंत्रपणे देतो.

रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक छायाचित्रणासाठी रेल्वेची, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरण्यासाठी त्या विभागाची परवानगी लागते. अर्ज आम्ही तयार करतो, मात्र छायाचित्रे कशासाठी वापरणार याचे आपले पत्र त्यासोबत जोडावे लागते, म्हणून हे काम तारखेच्या बरेच आधी सुरू करावे. पावसाळ्यात सरी थांबल्यावर ओल्या रस्त्यावर पडणारे प्रतिबिंब अप्रतिम असते. जोराचा वारा किंवा पाऊस असल्यास मात्र ट्रायपॉड हलतो व भिंगावर थेंब येतात, तेव्हा तारीख बदलली जाईल आणि त्याचे वेगळे शुल्क आकारले जाणार नाही.