पृष्ठीय तापमान अभिलेख, जागतिक

जमिनीलगतची हवा आणि समुद्राचे वरच्या थरातील पाणी यांच्या तापमाननोंदी एकत्र करून पृथ्वीच्या सरासरी तापमानातील बदल दाखविणारी दीर्घकालीन मालिका. तीत प्रत्यक्ष अंशांऐवजी प्रत्येक ठिकाणच्या ठरावीक तीस वर्षांच्या (उदा., १९६१–९०) सरासरीपासूनचा फरक घेतात. कारण डोंगरमाथा व पायथा यांची तापमाने वेगळी असली, तरी नेहमीपेक्षा उष्ण महिने दोन्हीकडे बहुधा एकदमच येतात.

अशा मालिकेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. मध्य इंग्लंडची मासिक मालिका १६५९ पर्यंत मागे जाते; पण ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅनली यांनी ती जुळविताना अठराव्या शतकारंभीची काही वर्षे हॉलंडमधील उट्रेख्तच्या नोंदींवरून भरून काढली. ब्रिटिश अभियंता गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये १४७ केंद्रांच्या आधारे तापमानवाढ दाखविली. आजच्या मालिका १८५० किंवा १८८० पासून सुरू होतात. आधीच्या नोंदी विरळ असल्याने १८८० हे वर्ष अधिक सावध वाटते.

खरी अडचण समुद्राची आहे. खलाशी दोरीने बादली सोडून पाणी डेकवर ओढीत व तीत तापमापक बुडवीत. कापडी बादलीतून पाणी झिरपून वाऱ्याने बाष्पीभवन होई आणि वाचन होईपर्यंत पाणी थोडे निवे. याउलट, एंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे वाचन किंचित जास्त येते. उपलब्ध नोंदींपैकी जानेवारी १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळातील सुमारे ८०% अमेरिकी जहाजांच्या, म्हणजे बहुतांशी एंजिनखोलीतल्या आहेत. युद्ध संपताच बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचा वाटा सुमारे ५ वरून ५० टक्क्यांवर गेला. मालिकेत १९४५ अखेर दिसणारी सुमारे ०.३° से.ची घसरण हवामानातली नसून या अदलाबदलीची असावी, हे २००८ मधील वातावरणशास्त्रज्ञ डेव्हिड टॉम्सन व सहकाऱ्यांचे प्रतिपादन ग्राह्य दिसते. बादलीमुळे कमी आलेली वाचने दुरुस्त केल्याने जुने आकडे वर सरकतात. त्यामुळे एकूण तापमानवाढ कच्च्या नोंदींपेक्षा काहीशी कमीच भरते. दुरुस्त्या वाढ फुगवितात हा आक्षेप येथे टिकत नाही.

जमिनीवर केंद्राचे स्थलांतर, वाचनाची बदललेली वेळ व शहरवाढ यांचे दोष शेजारच्या केंद्रांशी ताडून काढतात. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षापूर्वी (पृथ्वीच्या अभ्यासाची अनेक देशांची संयुक्त मोहीम) कायमची केंद्रे नव्हती. तेथील आधीचे आकडे अनुमानाचेच होत.