एस्कोव्हॉप्सिस

बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्यांच्या बागांवर पडणारी परजीवी बुरशी. ही प्रजाती हायपोक्रिएसी कुलातील आहे. पुण्याच्या आसपास धिंगरी अळंबीचे बेड लावणाऱ्यांना हिरव्या बुरशीचा, म्हणजे ट्रायकोडर्माचा, उपद्रव चांगलाच ठाऊक असतो. तीही याच कुलातली.

या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात. त्यांतल्या पाने कापणाऱ्या मुंग्या पानांचे तुकडे स्वतः खात नाहीत. ते चावून, मऊ करून त्यावर ल्यूकोॲगॅरिकस ही बुरशी वाढवतात आणि तिच्या तंतूंची फुगीर टोके खातात. राणी नवे घर थाटायला निघते तेव्हा या बुरशीचा छोटा गोळा तोंडातल्या पिशवीत घेऊन जाते. एस्कोव्हॉप्सिस मात्र या वारशातून येत नाही. नव्या बागेत ती बाहेरूनच शिरते.

ती मुंग्यांच्या पिकाचे तंतू मारून त्यांवरच पोसते. मुंग्या काढून घेतल्या, तर बाग थोड्याच दिवसांत तिच्या ताब्यात जाते. धडधाकट वसाहतीत तिला सहसा वाव मिळत नाही, म्हणून काही अभ्यासक तिला कट्टर शत्रूपेक्षा संधीसाधू मानतात. बागेत कामकरी मुंग्या अखंड राबत असतात, हे पाहता या मताला वजन आहे. त्या बीजाणू चाटून काढतात, बाधित तुकडे उपटून कचऱ्यात टाकतात.

त्यांचा आणखी एक उपाय विलक्षण आहे. अनेक जातींच्या मुंग्यांच्या अंगावर पांढरा थर दिसतो. तो मेणासारखा स्राव असावा, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात ते जिवाणू आहेत आणि त्यांची प्रतिजैविके एस्कोव्हॉप्सिसची वाढ रोखतात, हे कॅमेरॉन करी व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवले. परजीवीही स्वस्थ बसत नाही. तिची काही रसायने या जिवाणूंना आणि खुद्द मुंग्यांनाही घातक ठरतात.

पुण्याच्या टेकड्यांवर अशी शेती मुंग्या नव्हे, तर ओडोन्टोटर्मिस वाळवी करते. तिचे पीक टर्मिटोमायसिस. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याचीच. एस्कोव्हॉप्सिस या बागांत नसते. तिथले तण म्हणजे झायलेरियाच्या गटातली बुरशी. वाळवीचा वावर असेपर्यंत ती दबून राहते आणि वारूळ ओस पडले की बागेवर फोफावते.