विश्वनाथन आनंद यांच्या ओपनिंगची वाटचाल

बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद (जन्म १९६९) हे मूळचे ई४चे, म्हणजे राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून डाव सुरू करणारे खेळाडू (अक्षर आणि अंक मिळून पटावरचे घर सांगतात). जगज्जेतेपदाच्या लढतींत मात्र त्यांनी समोरचा पाहून ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव खेळ्या, बदलल्या.

उमेदीच्या काळात ऐकीव खेळी महाग पडली. १९८८ साली बील येथे आलोन्सो झापाताविरुद्ध पेट्रॉफ बचावात (ई४ला काळ्याचे एक उत्तर) त्यांनी काळ्याकडून पाचव्या खेळीला उंट एफ५वर ठेवला. माइल्स–ख्रिश्चनसेन डावात ही खेळी खपून गेली होती. झापाताने वजीर ई२वर आणताच आनंद यांचा ई४चा घोडा राजासमोर जखडला. डी५ने जोर द्यावा तर झापाताचे डी३, वजीर ई७वर आणावा तर त्याचा घोडा डी५वर. आनंदनी तिथेच डाव सोडला.

१९९५मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत नववा डाव जिंकून ते आघाडीवर होते. दहाव्या डावात त्यांनी सहाव्या डावातली ओपन स्पॅनिश (ई४ला काळ्याची एक ओपनिंग) पुन्हा खेळली; सहाव्या डावानंतर कास्पारोव्ह तिचा तोड शोधून आला होता. त्याने पंधराव्या खेळीला घोडा बी३वर नेऊन ए१चा हत्ती देऊ केला. अकराव्यात कास्पारोव्हकडून ड्रॅगन ही ओपनिंग अनपेक्षितपणे आली. दोन्ही डाव गेले, लढतही ७.५–१०.५ अशी गेली.

२००८ची बॉन येथील क्रामनिकविरुद्धची जगज्जेतेपदाची लढत हा या वाटचालीचा कळस. ई४ला क्रामनिककडे पेट्रॉफ आणि बर्लिन हे बचाव अशी भक्कम उत्तरे होती. म्हणून आनंदनी पांढऱ्याकडून डी४, म्हणजे वजिरासमोरच्या प्याद्याची सुरुवात, धरले. काळ्या मोहऱ्यांनी सेमी-स्लाव्ह या डी४विरुद्धच्या बचावाच्या मेरान प्रकारात चौदाव्या खेळीला उंट बी७वर ठेवून बी५चे प्यादे सोडले. मोबदल्यात जी-पट्टी (पटावरचा जी हा उभा स्तंभ) हत्तीला मोकळी, बी७चा उंट थेट पांढऱ्या राजाच्या रोखाने. तिसरा डाव असा जिंकल्यावर पाचव्यात तोच खेळ्यांचा क्रम खेळला, पण प्यादे गेल्यावर उंट डी६ऐवजी आधी हत्ती जी८वर नेला. क्रामनिकला दुसऱ्यांदाही पटावर बसूनच उत्तर शोधावे लागले आणि तो पुन्हा हरला. ई४ थेट अकराव्या डावात आले. निकाल ६.५–४.५. नील्सन, कासिमझानोव्ह, वोयतासेक, गांगुली या सहायकांच्या मेहनतीशिवाय इतका मोठा पालट शक्य नव्हता.

नव्या ओपनिंगचा खरा धोका स्मरणाचा असतो. २०१०मध्ये सोफियाला टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड बचावातल्या तयारीचा क्रम चुकला. तेविसाव्या खेळीला त्यांचा राजा एफ७वर गेला आणि टोपालोव्हच्या घोड्याने एफ६ मारून डाव संपवला. नंतर पांढऱ्याच्या कॅटलान ओपनिंगने दोन विजय मिळाले, आणि बाराव्या डावात काळ्याने जुन्या, कमी पाठांतराच्या लास्कर बचावाने किताब राखला.

चेन्नईत २०१३ला कार्लसनविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ई४ परतले. कार्लसनने तीनदा बर्लिनची भिंत उभी केली; त्यातले दोन डाव बरोबरीत सुटले आणि एक कार्लसनने जिंकला.