चिमणाळं बांधण्याआधी: बाळाचा हात कधी पुढे येतो?

आमच्याकडे चिमणाळं, म्हणजे बाळापुढे टांगायचं चिमण्यांचं खेळणं, घ्यायला आलात की आम्ही बाळाचं वय विचारतो आणि लगेच पुढचं विचारतो, ‘दिवस भरून झालंय का?’ हा प्रश्न चौकशीचा नाही, कामाचा आहे.

मागे महाद्वार रोडवरून बाजार करून येताना एक आज्जी चिमणाळं परत घेऊन आल्या. नातू ५ महिन्यांचा, तरी हात लावत नव्हता. शेजारचं तेवढंच बाळ मात्र चिमण्या ओढून तोंडात घालत होतं. बोलताना कळलं, नातू ३२व्या आठवड्यात झालेला, म्हणजे तारखेच्या ८ आठवडे आधी. ते वजा केले की उरतात तीन महिने आणि काही दिवस. त्या वयाचं बाळ जे करतं तेच तो करत होता: चिमण्यांकडे टक लावून बघायचा आणि हातपाय झाडायचा. आज्जी चिमणाळं घेऊन परत गेल्या.

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्याची वाढ डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायची, साधारण २ वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात गल्लत नको.

तान्हं बाळसुद्धा दिसलेल्या वस्तूकडे हात फेकतं, पण नेम लागत नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास हात खरोखर वस्तूपर्यंत पोचू लागतो. तेव्हा नीट बघा: हात खांद्यातून निघतो, वाकडातिकडा जातो, मध्येच थांबतो, परत वळतो. सहाव्या महिन्यापर्यंत ती वाट बरीच सरळ होते. आधी अख्ख्या पंजाने धरणं, मग ९-१० महिन्यांत अंगठा आणि बोटाची चिमूट.

पोटात शेवटचे आठवडे बाळ अंग आखडून, हात छातीशी घेऊन असतं. लवकर आलेल्या बाळाचे ते दिवस हुकतात. उताणं ठेवलं की त्याचे खांदे मागे पडतात, हात बाजूला पसरतात आणि मध्ये आणायला कष्ट पडतात. म्हणून जागेपणी, कुणी जवळ असताना, दोन्ही खांद्यांमागे दुपट्याची गुंडाळी लावा, झोपताना काढा. नाहीतर मांडीवर पाठ टेकवून धरा. झोळी झोपेपुरतीच ठेवा. जागं असेल तेव्हा चटईवर, हात मोकळे.

चिमणाळं सुरुवातीला डोळ्यांपासून २०-३० सेंटीमीटरवर हवं. पुढे हात पोचेल इतकं खाली, डोक्यावर नव्हे तर छातीवर आणा. छताच्या हुकाला उंच टांगलेलं नुसतं शोभेचं.

३४ आठवड्यांआधीच्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासून घ्या, हे कळकळीने सांगतो. दिसलं तरच हात पुढे येणार. हिशोब करूनही सहाव्या महिन्यात बाळ हात पुढे करत नसेल, एक मूठ कायम आवळलेली असेल किंवा वर्षाच्या आत ते एकच हात वापरत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाळ हातांवर रेटून उठू लागलं की चिमणाळं लगेच काढा, दोरी गळ्यात अडकू शकते. ते आमच्याकडे आणा. दोऱ्या काढून त्यातल्या दोन चिमण्या मुठीत मावतील अशा घट्ट शिवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.