कृष्णाखोऱ्यातील जमिनी आणि पाण्याचा निचरा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून अवघ्या ३२ किलोमीटरवरील वाईला तो हजारही गाठत नाही. तरीही जमीन चिबडल्याची, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखी झाल्याची, तक्रार आमच्याकडे दोन्हीकडून येते. याचे कारण असे की, शेतात पाणी किती पडते यापेक्षा ते मातीतून कसे आणि कोठे जाते, यावर निचरा अवलंबून असतो.

पठारावरची जांभ्याची तांबडी माती सच्छिद्र असते, त्यामुळे तेथे पाणी झटकन मुरते. स्ट्रॉबेरीला ती मानवते ती याचमुळे. मात्र जांभ्याखाली चिकणमातीचा घट्ट थर असतो आणि मुरलेले पाणी त्याच्यावर अडून डोंगराच्या अंगाने आडवे सरकत जाऊन उतारावर कोठेतरी झऱ्यासारखे बाहेर पडते. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, दोन थरांमध्ये अडकलेला लाल गेरूसारखा पट्टाही हेच करतो. उतारावरील मुरमाड, बरड जमिनीत पाणी टिकत नाही, तिच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खाली नदीकाठी मात्र काळी भारी माती आहे. उन्हाळ्यात तिला खुरप्याचा दांडा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पण पहिल्या दमदार पावसात ती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी वरच तुंबून वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, येण्यास अनेक दिवस लागतात.

बरेच शेतकरी पाणी दिसते तेथेच चर खणतात. आमच्या मते बहुतेक वेळा तो खर्च वाया जातो, कारण पाणी वरच्या बाजूने आलेले असते. उताराच्या शेतात वरच्या बांधालगत, दर १०० फुटांना साधारण अर्धा फूट उतार देऊन काढलेला आडवा चर ते पाणी शेतात शिरण्यापूर्वीच अडवतो. त्याचे तोंड ओढ्याकडेच काढावे, शेजाऱ्याच्या बांधावर नव्हे. काळ्या जमिनीत अडचण वरून आलेल्या पाण्याची नसून मातीचीच असल्याने तेथे गादीवाफे (उंच केलेले वाफे) आणि खडीच्या आवरणातील सच्छिद्र पाईप अधिक उपयोगी पडतात.

आमची भेट ठरवण्यापूर्वी पावसाच्या उघडिपीत दोन फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. ती १ इंचापेक्षा कमी उतरली, तर निचरा मंद समजावा. खड्ड्याच्या भिंतीत राखाडी मातीवर गंजासारखे ठिपके दिसले, तर तेथे वर्षानुवर्षे पाणी साचत आले आहे, मग आज ती जागा कितीही कोरडी वाटो. आम्ही येईपर्यंत खड्डा बुजवू नये. गुरे-वासरे पडू नयेत म्हणून त्यावर फळी मात्र अवश्य टाकावी.