एकतर्फी श्रवणऱ्हास : टक्केवारीचे मापन

एक कान चांगला आणि दुसऱ्याला कमी ऐकू येते, अशा व्यक्तीची एकूण श्रवणहानी टक्क्यांत ठरवण्याची पद्धत. नुकसानभरपाई, विमा व अपंगत्वाचे दाखले यांसाठी ती लागते. सूत्रे देशोदेशी वेगळी आहेत. येथे अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञांच्या अकादमीचे १९७९ चे सूत्र घेतले आहे.

प्रत्येक कानाचे ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झवरचे श्रवण-उंबरठे (जेमतेम ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाची पातळी) श्रवणयंत्राविना मोजून त्यांची सरासरी काढतात. तिच्यातून २५ डेसिबल वजा करून उरलेल्या प्रत्येक डेसिबलला १.५ टक्के धरतात. म्हणजे सुमारे ९२ डेसिबलला कान १०० टक्के निकामी. मग चांगल्या कानाची टक्केवारी पाचाने गुणून तिच्यात वाईट कानाची मिळवतात व सहाने भागतात. उजव्या कानाचे उंबरठे ५०, ६०, ७०, ८० असतील, तर सरासरी ६५ आणि हानी ६० टक्के. डावा निर्दोष असल्यास एकत्रित हानी १० टक्केच. एक कान पूर्ण गेला तरी आकडा १६.७ च्या वर जात नाही. शांत खोलीतल्या संभाषणापुरते हे पटते. गोंगाटात बोलणे वेगळे काढणे, आवाजाची दिशा ओळखणे या कामांना दोन्ही कान लागतात आणि ती या सूत्रात कुठेच मोजली जात नाहीत. काही पद्धती ३००० ऐवजी ४००० हर्ट्झ घेतात. कारखान्यातल्या आवाजाने बिघडलेल्या कानात तेवढ्यानेही आकडा बराच वाढतो.

सर्वांत जास्त चुका मास्किंगमध्ये, म्हणजे एका कानाची चाचणी घेताना दुसऱ्या कानाला गोंगाटाने झाकून ठेवण्यात, होतात. साध्या हेडफोनमधला सुमारे ४० डेसिबलहून मोठा स्वर कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जाऊ शकतो. कानामागच्या हाडाला कंपने देऊन घेतलेल्या अस्थिवहन चाचणीत तर पलीकडे जाताना जवळजवळ काहीच घट होत नाही. मग ठार बहिऱ्या कानाचाही उंबरठा ५५ च्या आसपास दिसतो. हिशेबात तो कान ४५ टक्के आणि एकत्रित हानी ७.५ टक्के, म्हणजे खऱ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून चांगल्या कानात अरुंद पट्ट्याचा गोंगाट सोडतात आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवूनही वाईट कानाचा उंबरठा हलेनासा झाला, की तो खरा मानतात. गोंगाट अति झाला तर तोच उलट बाजूला पोहोचून हानी फुगवतो. कानात घुसणारे इअरफोन वापरल्यास ही गळती पुष्कळ कमी होते. चाचणीआधी मळ काढलेला असावा आणि निदान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहिलेले असावे, नाहीतर तात्पुरती बधिरताही आकड्यात शिरते.

भरपाईच्या प्रकरणांत सोंगाचा संशय आला, तर स्टेंगर चाचणी घेतात. चांगल्या कानात उंबरठ्याहून १० डेसिबल मोठा आणि ‘बहिऱ्या’ कानात सांगितलेल्या उंबरठ्याहून १० डेसिबल लहान, असा एकच स्वर एकाच वेळी देतात. बहिरेपण खरे असेल तर माणूस चांगल्या कानाने ऐकून हात वर करतो. सोंग करणाऱ्याला मात्र स्वर फक्त ‘बहिऱ्या’ बाजूनेच आल्यासारखा वाटतो, कारण तिथे तो त्याला जास्त मोठा ऐकू येतो. म्हणून तो गप्प बसतो. दोन कानांत किमान २० डेसिबलचा फरक असल्याशिवाय ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. सोंग निघाले, तर रुग्णाच्या उत्तरावर न विसंबणारी बेरा चाचणी (आवाजाला श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद मोजणारी) करून उंबरठ्यांचा अंदाज घेतात.