जीएमआरटी, खोडद

जीएमआरटी : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात खोडद गावाजवळ असलेली रेडिओ दुर्बीण. पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या आणि संवेदनशील दुर्बिणींमध्ये तिची गणना होते. पुण्याच्या विद्यापीठ आवारातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) ती चालवते. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडून पूर्वेला वळले, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे तिच्या तबकड्या दिसू लागतात.

दुर्बीण म्हटल्यावर एक नळी किंवा एक घुमट डोळ्यांपुढे येतो. खोडदला तसे काही नाही. इथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात विखुरलेल्या आहेत. उरलेल्या १६ तबकड्या पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन फाट्यांवर, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, गावोगावच्या शिवारांत उभ्या आहेत. एका टोकाच्या तबकडीपासून दुसऱ्या टोकाच्या तबकडीपर्यंतचे सर्वांत मोठे अंतर २५ किलोमीटर भरते. सगळ्या तबकड्यांच्या तोंडांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते जवळजवळ १२ एकर होते.

जवळ जाऊन पाहिले की पहिले लक्षात येते ते हे, की तबकडी भरीव नाही. पोलादी दोरांच्या कैच्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी ताणून बसवली आहे. तिची भोके मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत. त्यातून पलीकडचे आकाश स्वच्छ दिसते. पण जिची लांबी २० सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंत आहे अशा लहरीला ही भोके जाणवतच नाहीत. तिच्या लेखी ती जाळी सलग पत्राच असते. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा रेटा कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणूनच एवढ्या मोठ्या ३० तबकड्या उभारणे आपल्या देशाला परवडले. या रचनेला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मार्ट’ असे नाव मिळाले. या दुर्बिणीतली अस्सल भारतीय करामत कोणती असे विचारले, तर प्रस्तुत लेखक आधी या जाळीकडे बोट दाखवेल.

तीस तबकड्यांची एक दुर्बीण होते ती गणिताने. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे प्रत्येक तबकडीची उरलेल्या प्रत्येक तबकडीशी जोडी लावली जाते. अशा ४३५ जोड्या होतात. एकच लहर जोडीतल्या दोघींकडे किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते, आणि त्या फरकात आकाशातल्या स्रोताच्या आकाराची माहिती दडलेली असते. निरीक्षण काही तास चालते. तेवढ्यात पृथ्वी फिरते, आकाशातून पाहता जोड्यांच्या दिशा बदलत जातात आणि चित्रातल्या मोकळ्या जागा भरत जातात. शेवटी हाती येणारे चित्र २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच तबकडीने काढावे इतके बारीक असते.

ही कल्पना गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत काम करून ते १९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी मुंबईजवळ कल्याणला उभारल्या आणि १९६५ पासून त्यांच्यावर सूर्याची निरीक्षणे सुरू केली. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाळणा असा कल्याणला हलला, हे आज कल्याणकरांनाही फारसे ठाऊक नसते. पुढची दुर्बीण उटीची. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे हे पन्हळ डोंगराच्या अशा उतारावर बसवले, की त्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहावा. मग एकाच आसाभोवती फिरवले तरी ताऱ्यामागे जाता येते. ती १९७० मध्ये सुरू झाली. खोडदची जुळणी १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली, तबकड्या १९९० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बिणीचे लोकार्पण झाले. पुढल्या वर्षीपासून ती जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

जागा खोडदचीच का, याला दोन-तीन कारणे आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) फार खळबळते आणि लांब लहरी त्यात डळमळतात; खोडद त्या पट्ट्याच्या पुरेसे उत्तरेला आहे, तरी दक्षिण आकाशाचा मोठा भाग इथून दिसतो. भोवती डोंगर आहेत आणि ते शहरांकडून येणारा रेडिओ गोंगाट अडवतात. आणि पुणे जवळ आहे.

दुर्बिणीचा मूळ हेतू हायड्रोजनचा माग काढण्याचा होता. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्‌झची लहर सोडतो. लहर जितक्या दूरवरून येते तितकी विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाते, आणि ती किती ताणली यावरून ती कधी निघाली हे कळते. दीर्घिका (आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट वस्ती) जन्माला येण्याआधी हायड्रोजनचे प्रचंड मेघ असावेत आणि त्यांची ताणलेली लहर ३२७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास सापडावी, अशी त्या काळी अपेक्षा होती. तसे मेघ सापडले नाहीत. विश्वातल्या रचनांविषयीचे सिद्धांतच पुढे बदलले, आणि असे भव्य मेघ मुळात असण्याची शक्यता मावळली.

तरीही हायड्रोजनचा पाठपुरावा थांबला नाही, आणि त्याचे फळ अलीकडच्या काही वर्षांत पदरात पडले. यंत्रणेत आधी मोठी सुधारणा झाली. एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐकू शकणारी दुर्बीण आता ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा ऐकते; सुधारित दुर्बिणीला यूजीएमआरटी म्हणतात. तिच्या आधारे एनसीआरएच्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक युक्ती यशस्वी केली. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या एकेका दीर्घिकेचा हायड्रोजन इतका क्षीण दिसतो की तो ऐकू येणे अशक्य. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले. एकट्याची कुजबुज विरून गेली असती. साडेसात हजारांची मिळून ऐकू आली. त्यातून एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. विश्वात तारे जन्मण्याचा वेग आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होता आणि मग घसरत गेला, हे आधीपासून माहीत होते. कारण माहीत नव्हते. त्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, ताऱ्यांच्या वस्तुमानापेक्षाही जास्त. पण त्या तो अशा वेगाने खर्च करत होत्या, की एक-दोन अब्ज वर्षांत साठा संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही आणि ताऱ्यांचे पीक उतरले.

समूहाचा संकेत मिळाला, पण एकट्या दूरच्या दीर्घिकेचा हवाच होता. जानेवारी २०२३ मध्ये तोही जाहीर झाला. मॅकगिल विद्यापीठातले अर्णब चक्रवर्ती आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले निरुपम रॉय यांनी ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर एका दीर्घिकेपासून टिपली. मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून संकेत सुमारे ३० पट वाढवला होता, म्हणून हे साधले. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली लहर खोडदला पोहोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरची झाली होती.

हायड्रोजनखेरीज दुर्बिणीचे काम बरेच पसरलेले आहे. तिने १५० मेगाहर्ट्‌झवर जवळपास ९० टक्के आकाश पालथे घातले. त्या पाहणीतून सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातल्याच एका स्रोताचा पाठलाग करून २०१८ मध्ये त्या वेळपर्यंतची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदला थेट टिपला जात होता. उतरण्याच्या थोडे आधी तो तुटला. यान कोसळले होते.

अलीकडची सर्वांत गाजलेली कामगिरी स्पंदकांशी निगडित आहे. स्पंदक म्हणजे भराभर गरगरणारे मृत तारे. त्यांचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नेमके येतात. एक आंदोलन पुरे व्हायला वर्षे लागतील इतक्या संथ गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच किंचित ताणणारे आणि आकसवणारे तरंग) आपल्या भोवतीच्या अवकाशातून जात असतील, तर आकाशभरच्या स्पंदकांच्या ठोक्यांत विशिष्ट प्रकारचा सूक्ष्म फरक पडला पाहिजे. अडचण अशी, की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे ठोके मुळातच रेंगाळतात, आणि वारंवारता जितकी कमी तितके जास्त. कमी वारंवारतेवर नेमके मोजणारी दुर्बीण असेल तरच हा विलंब नीट वजा करता येतो, आणि इथेच खोडदची गरज लागते. भारतीय आणि जपानी संशोधकांच्या इनप्टा गटाने यूजीएमआरटीवर केलेली मोजमापे युरोपीय गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना जोडली गेली. एकूण २५ स्पंदकांच्या या अभ्यासातून अशा लहरींच्या गुंजारवाचा पुरावा २९ जून २०२३ रोजी मांडण्यात आला. त्याच दिवशी इतर देशांतल्या गटांनीही आपापले निष्कर्ष जाहीर केले. हा गुंजारव प्रामुख्याने दीर्घिकांच्या केंद्रांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचा असावा, असे मानले जाते.

इतके क्षीण संकेत पकडणाऱ्या यंत्राला माणसाच्या हालचालीचा त्रास होणारच. मोबाइलचे मनोरे, वीजतारांवर उडणाऱ्या ठिणग्या, सदोष विद्युत उपकरणे या सगळ्यांतून रेडिओ लहरी बाहेर पडतात. आकाशातून आलेल्या लहरींपुढे त्या म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. जगातल्या बऱ्याच रेडिओ दुर्बिणी यासाठी निर्मनुष्य प्रदेशात नेल्या जातात. खोडदची दुर्बीण नांदत्या मुलखात आहे, आणि हेच तिचे वेगळेपण आहे आणि तिची अडचणही. त्यामुळे दुर्बिणीचे अभियंते गोंगाटाचे उगम शोधत परिसरात फिरतात, आणि संगणकावर तो गोंगाट गाळण्याच्या पद्धतीही इथेच विकसित झाल्या आहेत.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या निमित्ताने हा प्रश्न गावागावांत चर्चेला आला. मूळ आखणी नारायणगावच्या बाजूने होती. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल या कारणावरून रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली, आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. शेतमाल वेळेत बाजारात पोहोचावा, मुलांना शिकायला जाता यावे, या मागण्या रास्त आहेत. दुर्बिणीची शांतता एकदा गेली की परत मिळवता येत नाही, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या गावांच्या शिवारात तबकड्या उभ्या आहेत त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यांना विज्ञानविरोधी ठरवणे चुकीचे आहे. त्यांच्या सोयीची किंमत देशाच्या विज्ञानासाठी मोजली जात असेल, तर भरपाईही देशानेच करायची.

दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक दुर्बिणीत भारत सहभागी आहे. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्या दुर्बिणीचे नियंत्रण करणाऱ्या संगणकप्रणालीच्या कामात एनसीआरएचा मोठा वाटा आहे, आणि जीएमआरटीला तिची पथदर्शक दुर्बीण असा दर्जा मिळालेला आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापले प्रयोग घेऊन येतात, हजारो लोक तबकड्या पाहायला येतात आणि संशोधक त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.